बाज कुणाची होती, ताई?

पत्राचा सारांश : एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. वय ५९. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, राहणं छत्रपती संभाजीनगरला. अंबाजोगाईला कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात डोंगर चढायची गोडी लागली, ती चाळीस वर्षं सुटली नाही. देवगिरी, अंतूर, सुतोंडा, जंजाळा, वेताळवाडी ही नावं त्या माहेरच्या माणसांसारखी घेतात. गेल्या डिसेंबरात अंतूरवरून उतरताना त्यांना हार्ट अटॅक आला. ग्रुपमधल्यांनी आणि जवळच्या वस्तीवरच्या माणसांनी बाजेवर घालून खाली आणलं. कन्नडला ईसीजी आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन झालं, मग शहरात अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. आता सात महिने झालेत. रोज अर्धा तास चालतात, त्रास नाही. डॉक्टर म्हणाले, "फिरायला हरकत नाही." मुलगा पुण्याहून रोज फोन करून विचारतो, "टेकडीवर गेली नाहीस ना?" यजमानांनी बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलेत आणि त्यावर एक शब्द बोलत नाहीत. ग्रुप श्रावणात वेताळवाडीला निघालाय. ताई विचारतात, "पैठणला मामेबहिणीकडे जाते असं सांगून गेले तर चुकेल का? डोंगर सुटला तर मी उरते कुठे?" आणि पत्राच्या शेवटी, वेगळ्या शाईतली एक ओळ : "हे कुणालाच सांगितलं नाही, पण त्या दिवशी चढतानाच जबडा आणि पाठ दुखत होती."

ताई,

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. शाई वेगळी आहे, म्हणजे पत्र लिहून झाल्यावर, कदाचित पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढून तुम्ही ती लिहिली असणार. पत्रातलं बाकी सगळं सुवाच्य आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं. ही एकच ओळ तिरकी गेलीय. आधीची सहा पानं तुम्ही या एका ओळीसाठी लिहिलीत असं मला वाटतं.

तुम्ही लिहिता, पहिल्या दरवाजापाशी पाठीत भरून आल्यासारखं झालं. ठेचा-भाकरीची अ‍ॅसिडिटी असेल म्हणून पिशवीतली पावडर पाण्यात घालून घेतली. मळमळत होतं, घाम येत होता, पण "माझ्यामुळे सगळ्यांना माघारी फिरायला नको" म्हणून बोलला नाहीत. वर पोचलात, फोटो काढले, सगळ्यांना लाडू वाटले. त्याआधीचे दोन आठवडे घरचा जिना चढतानाही दम लागत होता, तो लेकीच्या बाळंतपणाच्या धावपळीवर ढकलला होता.

हे वाचणाऱ्या बायकांनी इथे जरा थांबावं. हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छाती धरून कोसळणारा पुरुष येतो. छातीत दुखणं बायकांतही सगळ्यात जास्त दिसतंच. पण त्यासोबत, कधी त्याच्याऐवजीही, जबडा, मान, दोन खांद्यांच्या मधली पाठ, मळमळ, दम आणि कारण नसताना आलेला भयंकर थकवा ही लक्षणं बायकांच्या वाट्याला अधिक येतात. आणि ती नेमकी अशी असतात, की घरच्या कामावर, पित्तावर नाहीतर वयावर सहज ढकलता येतात. चढताना सुरू होणारं आणि बसल्यावर कमी होणारं दुखणं पित्ताचं समजू नका, मग ते नाभीच्या वर कुठेही असो. आधी ईसीजी काढा.

तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही, ताई. आपल्यासाठी चार माणसं थांबली तर आपण ओशाळतो. जेवायला वाढतानाही शेवटी बसायची सवय असलेल्या बाईला डोंगरावर "थांबा, मला बरं वाटत नाही" म्हणणं सोपं नसतं. पण त्या दिवशीचं न बोलणं आणि आता पैठणचं नाव सांगून वेताळवाडीला जाणं, या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत. माझा आक्षेप डोंगराला नाही, या लपवण्याला आहे.

म्हणून पैठणच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते : जाऊ नका. खोटं बोलणं वाईट म्हणून नव्हे. पैठण आहे आपल्या शहराच्या दक्षिणेला, गोदेकाठी. वेताळवाडी उत्तरेला, अजिंठ्याच्या रांगेत, सोयगाव तालुक्यात. वेताळवाडीजवळच्या हळद्याच्या घाटात काही झालं तर तुमच्या यजमानांचा पहिला अर्धा तास "अहो, ती तर पैठणला गेलीय" हे म्हणण्यात जाईल. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की स्नायू मिनिटागणिक मरत जातो. तो अर्धा तास तुमच्या मालकीचा नाही, तुमच्या हृदयाचा आहे. आणि खरं कळेल तेव्हा त्यांच्या मनातून जे जाईल, ते कुठल्याही स्टेंटने परत येणार नाही.

आता तुम्ही मांडलेल्या दोन-तीन गोष्टींकडे वळते. तुम्ही त्या गृहीत धरून चाललाय, मला त्या तितक्या पक्क्या वाटत नाहीत.

तुम्ही लिहिता, "चाळीस वर्षं डोंगर चढणाऱ्या बाईला अटॅक येतोच कसा? डोंगराने मला दगा दिला." ताई, नियमित चालण्याने हृदयविकाराचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, आईवडिलांकडून आलेला वारसा आणि पाळी गेल्यानंतर बाईच्या शरीरात होणारे बदल, हे सगळं डोंगर चढता येतो म्हणून गप्प बसत नाही. तुमच्या वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता हे तुम्हीच लिहिलंय आणि आठ वर्षांत एकदाही रक्त तपासलं नाही हेही. "डोंगर चढते, मला काय धाड भरलीय" हे वाक्य मी बऱ्याच धडधाकट माणसांच्या तोंडून ऐकलंय. चढता येणं ही पायांची आणि फुप्फुसांची परीक्षा झाली. रक्तवाहिनीच्या आत काय साचलंय ते पायांना कळत नाही.

घरच्यांचं गृहीतकही तपासून बघू. तुमच्या मुलाला वाटतं चढताना स्टेंट सरकेल. हा समज घरोघर आहे. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते, ती रक्तवाहिनीच्या भिंतीत दाबून बसवतात आणि काही आठवड्यांत तिच्यावर आतलं अस्तर चढायला लागतं. चालण्याने, चढण्याने ती हलत नाही. उलट अटॅकनंतर ठरवून, हळूहळू वाढवलेला व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो. मुलाला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, पुढच्या तपासणीला त्याला फोनवर घ्या. पण स्टेंटने दुखणं संपलं असंही नाही. एका जागचा अडथळा दूर झाला, आजार बाकीच्या वाहिन्यांतही थोडाथोडा असू शकतो, आणि त्यावरचं औषध म्हणजे रोजच्या गोळ्या.

माझ्या वडिलांचं सांगते. परभणी जिल्ह्यात आमचं शेत, घरापासून दीड किलोमीटर. बायपास झाल्यावर आम्ही भावंडांनी त्यांचं शेतात जाणं बंद केलं. प्रेमानेच केलं. ते ओसरीवर बसून राहायचे. गड्याला विचारायचे, "तुरीला शेंगा धरल्या का?" गडी हो म्हणायचा, की मग ते स्वतःच्या हाताकडे बघायचे. वर्षभरात त्यांची पाठ वाकली. डॉक्टरांनीच एकदा आम्हाला झापलं, चालू द्या त्यांना. पण तोवर त्यांची उमेद गेली होती, "आता काय बघायचं तुरीला" म्हणाले. म्हणून "डोंगर सुटला तर मी उरते कुठे" हे तुमचं वाक्य मी हलकं समजत नाही. तुमच्या घरच्यांनीही समजू नये. माणूस जिवंत ठेवायचा म्हणजे नुसता श्वास चालू ठेवायचा नाही.

तरी या श्रावणात वेताळवाडीला जाऊ नका असंच मी म्हणेन. पावसात दगडावर शेवाळ असतं, पाय घसरतो. स्टेंटनंतर साधारण वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात, त्या मनाने बंद करायच्या नसतात, आणि त्या चालू असताना डोक्याला मार लागला तर आतला रक्तस्राव धोक्याचा ठरतो. चालत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती ट्रेडमिल टेस्ट तुमची अजून झालेली नाही. वाईट वाटेल, माहीत आहे. ग्रुपचे ओले फोटो मोबाइलवर येतील तेव्हा घरात बसवणार नाही. त्या दिवशी कुणाकडे तरी जा, घरात एकट्या राहू नका.

मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना विचारायचं कसं हे मला माझ्या वडिलांच्या आजारपणात कळलं. तुम्ही विचारलंत, "फिरायला जाऊ का?" डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आलं शहरातलं सिद्धार्थ उद्यान. त्यांनी हो म्हटलं, आणि तुम्ही त्या 'हो'त अख्खी अजिंठ्याची रांग बसवलीत. पुढच्या वेळी असं सांगा : "पाठीवर सहा किलो, तीन तास चढ-उतार, ऊन, मध्ये मोबाइलला रेंज नाही, आणि जवळचा ईसीजी दीड तासावर. याला हरकत आहे का?" मग मिळेल ते उत्तर खरं. सोबत विचारा : पंपिंग किती आहे, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं? ते ५५ टक्क्यांच्या वर असेल तर चांगलं समजतात, ४० च्या खाली असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या वाहिन्यांत ब्लॉकेज शिल्लक आहे का? ट्रेडमिल टेस्ट कधी करायची? त्यात दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात, म्हणजे तो डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत चढलेला डोंगरच. तिथे जबडा दुखला तर लपवायला जागा नाही. आणि गोळ्यांत नाडी हळू ठेवणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो आकडा गोळीने खाली धरलेला असतो. बोलून बघणं बरं. चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला.

टेस्ट नीट आली तर सुरुवात गोगाबाबा टेकडीपासून करा. तुम्हाला ते पोरखेळ वाटेल. वाटू द्या. शहराच्या अंगाला आहे, सकाळी माणसांचा राबता असतो, आणि खाली रिक्षा उभी असते. महिनाभर तीच टेकडी. मग देवगिरी, पण बालेकिल्ल्यापर्यंत नाही. आधी चाँद मिनारपर्यंत, पुढच्या खेपेला खंदकाच्या पुलापर्यंत, मग अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी रस्ता, मग बारादरी. एकेका खेपेला एकेक टप्पा. अंधारीत वटवाघळांचा वास आणि कोंडलेली हवा असते, तिथे दम कोंडल्यासारखं वाटलं तर ते भीतीने का हृदयाने हे ठरवायला तिथे थांबू नका, बाहेर या. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच्या कडाक्यात निघू नका, थंडीने वाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब वाढतो. ऊन जरा अंगावर आलं की निघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वरही जातो, तेव्हा डोंगराचं नावही नको. आणि चतुर्थीचा निरंकार उपवास धरून, सकाळच्या गोळ्या तशाच ठेवून कुणीही चढू नये. अशा बायका मला माहीत आहेत, म्हणून मुद्दाम लिहितेय.

सॅकचं काय करायचं? तुम्ही लिहिलंय, "माझं ओझं मी कधी कुणाला दिलं नाही." ताई, पैठणहून नाथांची पालखी निघते ती तुम्ही किती वेळा पाहिली असेल. दिंडीत वळकट्या-पिशव्या टेंपोत जातात. कुणाचा पाय सुजला तर तोही एखादा मुक्काम टेंपोत बसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळ घेऊन रांगेत उभा राहतो. त्याची वारी मोडली असं कुणी म्हणत नाही. तुमची सॅक ग्रुपमधल्या पोरांकडे द्या. स्वतःकडे ठेवा ती पाण्याची बाटली आणि औषधं : डॉक्टरांनी लिहून दिलेली जिभेखालची गोळी, आणि त्यांना विचारून अ‍ॅस्पिरिन. जिभेखालची गोळी बसूनच घ्यायची, ती रक्तदाब उतरवते, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर मदत बोलवायची, वाट बघायची नाही. शर्टाच्या खिशात एक कागद : रक्तगट, गोळ्यांची नावं, स्टेंटची तारीख, घरचा नंबर. शेवटच्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये. नव्या डॉक्टरला जुना ईसीजी मिळाला की आज काय बदललंय ते लगेच कळतं.

ग्रुपला सगळं सांगा. ती वेगळ्या शाईतली ओळसुद्धा. ऐकून कदाचित दोघं-तिघं म्हणतील, मॅडम, तुम्हाला न्यायची आम्हाला भीती वाटते. तो त्यांचा हक्क आहे. तुम्हाला खांद्यावर घेऊन उतरलेत ते. पण जे हो म्हणतील त्यांच्याशी नीट ठरवा. निघायच्या आधी कुठल्या वळणावर रेंज मिळते ते लिहून ठेवा. १०८ ची मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण अजिंठ्याच्या रांगेतल्या दरीत फोनच लागत नाही, मग कुणाला तरी टेपाडावर धावावं लागतं; तो धावणारा आधीच ठरलेला असावा. ईसीजी कुठे निघतो, पायथ्याला गाडी आणि ड्रायव्हर थांबलाय का, हेही. छाती दाबून हृदय चालू ठेवायचं शिक्षण निदान दोघांनी घ्यावं. मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, हे वाचून येत नाही, हाताखाली पुतळा घेऊनच येतं. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गात ते शिकवतात. आणि दर विसाव्याला प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, मला कसं वाटतंय. "बरंय" एवढं चालणार नाही. तुम्ही वर्गात हजेरी घेतलीय आयुष्यभर, ही हजेरी तुम्हीच घ्या.

यजमानांचं मौन तुम्हाला राग वाटतो. मला ती भीती वाटते. बूट त्यांनी फेकले नाहीत, कुणाला दिले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, म्हणजे वास लागू नये, चामडं खराब होऊ नये इतकी काळजी घेतली. त्यांच्याशी पहिलं बोलणं डोंगराचं नको. आधी तुमच्या जबड्याचं बोला. "त्या दिवशी मला दुखत होतं आणि मी बोलले नाही" हे त्यांना आज रात्री सांगा. ते चिडतील. चिडू द्या, मध्ये समजावत बसू नका. विश्वास मागायच्या आधी तो कुठे मोडला ते दाखवावं लागतं.

आता राहिली एक गोष्ट. पत्र मी तीनदा वाचलं. त्यात किल्ल्यांची नावं मोजली, एकतीस भरली. कोणत्या किल्ल्याला पाण्याचं टाकं कुठे आहे तेही आहे. तुम्हाला उचलणाऱ्यांबद्दल पाच ओळी आहेत : बाजेला कासऱ्याने दोन वासे बांधले होते, सुंभ पाठीला रुतत होतं, वर नुसतं आभाळ दिसत होतं, कुणीतरी ओला टॉवेल कपाळावर ठेवला, आणि एक म्हातारा सारखा म्हणत होता, "माय, डोळे झाकू नको, माय." पण त्या म्हाताऱ्याचं नाव पत्रात नाही. वस्तीचं नाव नाही. बाज कुणाची होती ते नाही. कुणीतरी आपली झोपायची बाज दिली, त्या रात्री ते माणूस कशावर झोपलं, हे तुम्हालाही माहीत नसावं.

तुम्ही लिहिता, "डोंगरात मी माझी एकटीची असते." चाळीस वर्षं तसं वाटलं असेल. डिसेंबरात तुम्ही एकट्या नव्हता म्हणून आज पत्र लिहिताय.

दिवाळीनंतर वाट वाळली, बाजरी-मका घरात आला, की यजमानांना घेऊन तिथे जा. गाडी नागापूरच्या बाजूने जाईल तिथवर न्या. त्यांनी आजवर फक्त दवाखान्यातल्या नळ्या पाहिल्यात, तो डोंगर पाहिलेलाच नाही. ज्याची भीती वाटते ते त्यांना एकदा डोळ्यांनी बघू द्या. सोबत नारळ, टोपी-टॉवेल आणि त्या घरच्या बाईला लुगडं घ्या. म्हाताऱ्याचं नाव विचारा, आणि मोबाइलमध्ये नव्हे, तुमच्या किल्ल्यांच्या वहीत लिहा. चहा होईपर्यंत बाजेवर बसा. पायात साध्या चपला चालतील, त्या दिवशी चढायचं नाही.